दुष्काळातली सोबतीण

आमच्या कॉलेजात दरवर्षी हस्तलिखित निघायचं. त्या वर्षी राज्यात मोठा दुष्काळ पडला होता, म्हणून मराठीच्या सरांनी अंकाचा विषयच दुष्काळ ठरवला. नागपुरात बसून आम्हाला दुष्काळाची झळ लागली होती ती एवढीच, की रेशनवर परदेशी लाल मिलो ज्वारी मिळायची आणि तिची भाकरी थापता थापताच मोडायची. आई त्या तुकड्यांचा कुस्करा करून त्याला फोडणी द्यायची. वडील कचेरीतून आले की तो कुस्करा आज फारच छान झालाय असं सांगायचे, आणि आम्ही भावंडं एकमेकांकडे बघून गालात हसायचो. धरमपेठेतल्या दोन खोल्यांत एवढाच आमचा दुष्काळ. वर्गातल्या बाकीच्या मुलींनी कविता करायला घेतल्या. भेगाळलेली जमीन कुणीच पाहिली नव्हती, पण सुचली सगळ्यांना.

मला कविता जमत नव्हती आणि माझ्या मैत्रिणीला तर दोन ओळी सरळ चेहऱ्याने वाचताही येत नसत. तिला हसू फार. प्रार्थनेत, परीक्षेत, लग्नात, एकदा तर शोकसभेत सुद्धा तिला हसू फुटलं होतं आणि रुमाल तोंडात कोंबून ती बाहेर पळाली होती. तिच्या मागोमाग मी. कारण तिचं सुरू झालं की माझं आपोआप सुरू व्हायचं. त्या दोन वर्षांत आम्ही इतक्या हसलो, की आता आठवायला बसलं तर कशाला हसलो ते आठवत नाही, फक्त पोट दुखलेलं आठवतं.

ती कोष्ट्यांच्या वस्तीतली. घरात तीन हातमाग होते. तिच्या वडिलांची एक आत्या त्यांच्याकडेच असायची. तिला सगळी गल्ली आत्याबाई म्हणायची. ऐंशीच्या पुढची, वाळक्या चणीची, मूलबाळ नसलेली. दिवसभर मागाजवळ चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसलेली असायची. मैत्रीण म्हणाली, आमच्या आत्याबाईने लहानपणी खरा दुष्काळ पाहिलाय, तिलाच विचारून लिहू. मला ती कल्पना फार थोर वाटली. आम्ही एक नवी वही घेतली, पहिल्या पानावर झोकदार अक्षरात 'आठवणी' असं लिहिलं आणि एका दुपारी आत्याबाईंसमोर फरशीवर जाऊन बसलो.

मी चेहरा अगदी गंभीर केला होता. भूक, मृत्यू, असले शब्द मनाशी जुळवून ठेवले होते. आत्याबाईंनी चरखा थांबवला, माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि मैत्रिणीला विचारलं की हिच्या घरी कोणी वारलं का. झालं. मैत्रीण गेली. तिच्यामागे मी. आम्ही दोघी वही तोंडावर धरून हलतोय आणि आत्याबाई शांतपणे वाट बघतायत. आमचं संपलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तवा आमीबी असंच हासो वं पोरी. दिवसभर हासो."

मला वाटलं त्यांना प्रश्न कळला नाही. पण त्यांना नीट कळला होता. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्या आठ-नऊ वर्षांच्या असताना लागोपाठ काही वर्षं पाऊस पडला नाही. लुगडी घेणारं कोणी राहिलं नाही, माग बंद पडले. वडील, आई, त्या आणि धाकटा भाऊ असे चौघं सरकारी कामावर गेले. शहराबाहेर तलाव खोदण्याचं काम होतं. जन्मभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले वडील तिथे टोपल्या उचलायला लागले. पोरांना खिचडीघरात दिवसातून एकदा पातळ खिचडी मिळायची. आणि तिथे त्यांना एक सोबतीण मिळाली. शेतकऱ्याच्या घरची, त्यांच्याच वयाची.

त्या दोघींचे उद्योग ऐकून आमचं लिहायचं राहून गेलं. दोघींमध्ये डोईवर घ्यायचं एकच फडकं होतं. एकीने ते डोक्यावर घेऊन खिचडी घ्यायची, मग फडकं दुसरीला द्यायचं, आणि पहिलीने मोकळ्या केसांनी पुन्हा रांगेत उभं राहायचं. वाढणारा माणूस दोघींना दोनदा वाढायचा. तो ओळखत असावा, असं आत्याबाईंना पुढे कितीतरी वर्षांनी सुचलं. दोघी चिंचोके गोळा करायच्या, भाजून त्यांचा डाव मांडायच्या, आणि जी जिंकेल तिने डावच खाऊन टाकायचा. दुपारनंतर भुकेने अंग पिसासारखं होऊन जायचं. तेव्हा दोघी एकमेकींचे हात धरून मातीच्या ढिगावर गरगर फिरायच्या आणि धप्पकन पडायच्या.

"डोकं हलकं होऊन जाये," आत्याबाई म्हणाल्या. "पाय जमिनीवर हायेत का नाई, समजेच नाई. मंग हासू ये. मुकादम वरडे, तं अजूकच हासू ये."

मी विचारलं, तिचं नाव काय होतं. आत्याबाई म्हणाल्या की नावाने कोणी हाक मारतच नव्हतं. त्या तिला पोट्टे, म्हणजे पोरी, म्हणायच्या, ती ह्यांना पोट्टे म्हणायची. गाव शहराबाहेरच्या बेसा गावाच्या अंगाला कुठेतरी होतं. आणि तिच्या डाव्या हाताची करंगळी दगडाखाली येऊन वाकडी झाली होती. एवढंच. पुढे पाऊस पडला, काम बंद झालं, ती मंडळी बैलबंडीत बसून निघून गेली आणि त्यानंतर भेट नाही.

पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा आत्याबाईंनी चरखा थांबवला. म्हणाल्या की सगळे दिवस हसलो ते ठीकच झालं, पण एक दिवस हसायला नको होतं. मैत्रिणीने विचारलं, कोणता दिवस. त्यांनी चरखा सुरू केला. मी पुन्हा विचारलं, तर कांडीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "तुमाले नाई समजाचं ते. ते असती तं तिच्यासंगं बोलली असती मी. ते होती तिथं."

गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत आमचं ठरलं होतं की त्या सोबतिणीला शोधून काढायचं. सत्तर वर्षांपूर्वीची, नाव नसलेली, जिवंत आहे की नाही ठाऊक नाही अशी बाई. आम्ही एकोणीस वर्षांच्या होतो, आणि यात काही अवघड आहे असं दोघींपैकी एकीलाही वाटलं नाही.

तेव्हाचं बेसा म्हणजे निव्वळ गाव. आज तिथे उंच इमारती आहेत आणि रस्त्याला दुभाजक आहे. तेव्हा बंडीच्या चाकोऱ्या होत्या, दोन्ही बाजूंना तूर, मधूनमधून संत्र्याचे बगिचे. थंडीचे दिवस होते. लागोपाठ तीन रविवार आम्ही सायकली काढल्या. माझी सायकल वडिलांची होती, मधल्या दांड्याची, आणि तिच्यावरून साडी नेसून उतरणं ही कसरत होती. प्रत्येक गावात शिरताना मी कुंपणाला धरून थांबायची आणि मैत्रीण उभ्या उभ्या हसायची.

पहिल्या रविवारी आमच्याशी कोणीच बोललं नाही. खांद्याला पिशवी, हातात वही, शहरातल्या दोन पोरी. आम्ही दिसलो की बाया घरात जायच्या आणि दार लावून घ्यायच्या. एका पारावर काही माणसं बसली होती, ती आमच्याकडे न बघता एकेक करून उठून गेली. आमचं काय चुकतंय ते कळेना. शेवटी विहिरीवरच्या एका सुनेने दया येऊन सांगितलं की गावात कालच निरोप फिरलाय, कुटुंब नियोजनाच्या बाया येणार आहेत. त्यानंतर आम्ही प्रत्येक दारात आधी ओरडून सांगायचो की आम्ही त्या नव्हे. त्याने संशय जास्तच वाढायचा.

दुसऱ्या रविवारी मात्र म्हातारी माणसं भेटायला लागली, आणि एकदा बोलायला लागली की थांबेनात. एका म्हाताऱ्याने मोहाची फुलं किती प्रकारे रांधता येतात ते सांगितलं. दुसऱ्याने त्याचं बोलणं तोडून सांगितलं की हा दुष्काळात जन्मलाही नव्हता. दोघांचं तिथेच जुंपलं, आणि आम्हाला पंच करण्यात आलं. तरोट्याची भाजी, चिंचोक्याच्या पिठाची भाकर, बांबूला आलेलं बी, सगळं वहीत उतरत होतं. दुष्काळाबद्दल विचारलं की लोक रडतील अशी माझी समजूत होती. काहीजण रडलेही. पण बरेचजण कशाला तरी हसायचे, म्हणजे तेव्हाच्या स्वतःला हसायचे, आणि मग जरा ओशाळून इकडेतिकडे बघायचे.

तिसऱ्या रविवारी आम्ही बेसा गावाच्या पलीकडे एका वाडीवर पोचलो. अंगणात बाजेवर एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. गोरी, जाड, तोंडात दात नाहीत, कानाने जरा कमी. आम्ही लांबूनच ओरडलो की आम्ही नियोजनवाल्या नाही. तिला त्यातला 'नियोजन' एवढाच शब्द नीट ऐकू आला असावा.

"मी ब्याऐंशी वर्साची बुढी हावो," ती म्हणाली. "माहं कायचं नियोजन करता वं तुमी?"

यानंतर बराच वेळ वाया गेला. मैत्रीण बाजेच्या पायाशी बसून डोळे पुसत होती, मी सायकलला टेकून. म्हातारीला आपल्या बोलण्याचा हा परिणाम फार आवडला. तिने मुलाला हाक मारली. साठीकडे आलेला शेतकरी, हातात विळा, त्याला वाटलं आईला काहीतरी चावलं. त्याने आम्हाला बसायला पोतं दिलं आणि मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगा ताटलीत घालून समोर ठेवल्या.

शेंगा खाता खाता विचारलं. आजी, मोठ्या दुष्काळात तुम्ही कामावर होता का. होती. खिचडीघर आठवतं का. न आठवायला काय झालं, खिचडीत दाळ शोधावी लागे. चिंचोके खाल्ले का. पोतंभर. कोणी सोबतीण होती का, कोष्ट्याच्या घरची. म्हातारीने शेंगा सोलणं थांबवलं. डोळे बारीक करून तुरीकडे बघत राहिली. होती, म्हणाली. एक पोट्टी होती. रोडकी. लय हासे.

आम्ही एकमेकींचे हात इतके घट्ट धरले की माझ्या बांगडीचा वण मैत्रिणीच्या मनगटावर उठला. करंगळी बघायचं दोघींच्याही लक्षात आलं नाही. तिचा मुलगा म्हणाला की येत्या रविवारी संत्री घेऊन बंडी शहरात जाणारच आहे, आईलाही घालून आणतो. परतीच्या वाटेवर आम्ही उताराला पाय वर करून सायकली सोडल्या. समोरून बैल येत होते, गाडीवान ओरडत होता, आणि आम्ही मोठमोठ्याने ओरडत होतो की सापडली.

तो रविवार गल्लीत सणासारखा उगवला. मैत्रिणीच्या आईने अंगणात सडा घातला होता. तिन्ही माग बंद होते, आणि शेजारचेही. आत्याबाईंनी ठेवणीतलं करवतकाठी लुगडं नेसलं होतं, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि विचारलं तर भूक नाही म्हणत होत्या. बंडी गल्लीत शिरेना, म्हणून तोंडाशीच थांबली. तिथून मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हातारी चालत आली. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं.

आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं मिठी मारतील, रडतील. तसं काही झालं नाही. बाजारात भाजी निरखतात तशा त्या एकमेकींना निरखत होत्या.

"तूच का वं ते पोट्टी?" आत्याबाईंनी विचारलं.

"मीच," म्हातारी म्हणाली.

"करंगळी दाखव."

म्हातारीला ऐकू गेलं नाही, मुलाने कानात सांगितलं. तिने दोन्ही हात पुढे केले. दहाही बोटं सरळ होती. गाठी होत्या, मातीने चिरा पडलेल्या होत्या, पण सरळ. मैत्रिणीने माझ्या दंडाला चिमटा काढला. तीन रविवार, वडिलांची सायकल, हे सगळं अंगण, आणि आम्ही चुकीची म्हातारी आणली होती.

आत्याबाईंनी डावी करंगळी आपल्या हातात धरली, वाकवून बघितली, सोडली.

"सत्तर वर्सात सरळ झाली असन," त्या म्हणाल्या, आणि तिला हाताला धरून आत घेऊन गेल्या.

आत दोघी चटईवर बसल्या, आणि आम्ही वही घेऊन जरा बाजूला. पुढचा अर्धा तास मी जे ऐकलं ते मला अजून लख्ख आठवतं. आत्याबाई तलावाचं बोलत होत्या, म्हातारी रस्त्याच्या गिट्टीचं. थोड्या वेळाने आत्याबाई म्हणाल्या की रस्त्याचं काम तलावाच्या आधी असेल. म्हातारी म्हणाली, असेलच. हिला तांदळाची खिचडी आठवत होती, तिला ज्वारीच्या कण्यांची. ठरलं की कधी ही असे, कधी ती. फडक्याची गोष्ट म्हातारीला बिलकूल आठवत नव्हती. आत्याबाईंनी ती उभं राहून करून दाखवली. म्हातारी हरखून ऐकत होती, आणि संपल्यावर म्हणाली की फडकं लाल होतं. आत्याबाईंनी क्षणभर विचार केला आणि लाल मान्य केलं.

लाल ऐकलं आणि मैत्रिणीच्या घशातून बारीक आवाज आला. मला तो आवाज ओळखीचा होता. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, पण वही थरथरायला लागली होती. तिच्या आईने आम्हाला दोघींना दंडाला धरून मागच्या परसात काढलं. तिथे सूत रंगवायच्या हौदाला टेकून आम्ही इतक्या हसलो की मी खाली बसले. थांबायचं, पुन्हा एकीने 'लाल' म्हणायचं, पुन्हा सुरू. आणि मग आमचं हसू ओसरलं तेव्हा लक्षात आलं की आतूनही तसाच आवाज येतोय. दात नसलेलं हसू आणि दात असलेलं हसू, एकमेकांच्या पाठोपाठ.

आम्ही खिडकीशी गेलो. आत्याबाई आणि ती म्हातारी उठून उभ्या राहिल्या होत्या आणि एकमेकींचे हात धरून फुगडीचा पवित्रा घेत होत्या. मैत्रिणीची आई नको नको म्हणत मध्ये येत होती, म्हातारीचा मुलगा दोन्ही हात पसरून मागे उभा होता, पडलीच तर झेलायला. फेरा कसला, सव्वा फेरा. पावलं जमिनीवरून उचलत सुद्धा नव्हती. पण दोघींनी माना मागे टाकल्या होत्या आणि डोळे मिटले होते. मग दोघी एकदमच चटईवर टेकल्या आणि डोकं धरून बसल्या. घर फिरतंय असं आत्याबाई म्हणाल्या. माहंबी, म्हातारी म्हणाली.

थोड्या वेळाने बाकीची माणसं चहाच्या गडबडीला लागली. आम्ही अजून खिडकीबाहेरच होतो, आम्ही ऐकतोय हे त्यांना ठाऊक नसावं. आत्याबाईंनी आवाज खाली घेतला, पण सोबतीण ऐकायला कमी, त्यामुळे फार खाली घेता येईना. त्या म्हणाल्या की त्यांचा धाकटा भाऊ तिथेच कामावर वारला. सकाळी गेला. आईवडील त्याला घेऊन गेले, आणि ह्यांना टोपल्यांपाशी ठेवलं. "त्या दिसी बी मी गरगर फिरली. ढिगावरून पडली आन् हासली. माय वापस आली तं मी हासून राहिली होती. तिनं पाह्यलं."

मला वाटलं म्हातारीला ऐकू गेलं नसावं. मग ती म्हणाली, "हाव, हासली. पन आधी रडली होती तू. लय रडली. म्या नाक पुसलं तुहं."

"मी रडली होती?"

"मंग? मी होती ना तिथं."

आत्याबाईंनी पदराने तोंड झाकलं, आणि म्हातारीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. माझ्या शेजारी मैत्रीण पहिल्यांदाच अगदी स्तब्ध होती. आम्ही खिडकीपासून बाजूला झालो.

संध्याकाळ व्हायच्या आत बंडी निघाली. गल्लीच्या तोंडापर्यंत आम्ही दोघी सोडायला गेलो. मुलगा बैल जुंपत होता. मला राहवेना. मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं की आजी, खरं सांगा, ती तुम्हीच होता का.

ती बंडीत गवतावर बसली होती, मांडीवर आत्याबाईंनी दिलेलं नवं लुगडं. तिने ते एकदा कुरवाळलं. "कोन जाने बाई," ती म्हणाली. "माह्याबी संगं येक पोट्टी होती. तिचाबी कोनी गेला असन. रडलीच असन ना वं ते. भाऊ गेल्यावर कोनी रडत नाई का?"

हस्तलिखितासाठी काय लिहायचं यावरून आम्ही दोघी पहिल्यांदा भांडलो. मी म्हणत होते की जे झालं ते लिहू, बोटासकट. मैत्रीण म्हणाली, अंक आत्याबाईंना वाचून दाखवावा लागेल. शेवटी आम्ही दोन्ही म्हाताऱ्यांच्या आठवणी वेगवेगळ्या लिहिल्या, एकाखाली एक, आणि त्या दोघींचा एकमेकींशी काय संबंध आहे याबद्दल अवाक्षर काढलं नाही. सरांनी वाचलं. त्यांना हसण्याचा भाग खटकला. अशा विषयावर हे शोभत नाही, थोडा काढून टाका, म्हणाले. मैत्रीण त्यांच्यासमोर सरळ चेहऱ्याने उभी राहिली आणि म्हणाली की सर, त्यांनी असंच सांगितलंय. एवढं लांब वाक्य न हसता बोलताना मी तिला तेव्हाच पाहिलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि ते तसंच राहू दिलं. अंकात दुष्काळावर बावीस कविता होत्या आणि आमची ती आठ पानं.

त्यानंतर म्हातारीचं येणं सुरू राहिलं. संत्र्याच्या हंगामात बंडी आली की तीही यायची. आत्याबाई एकदा तिच्या वाडीवर चार दिवस राहून आल्या, आयुष्यात पहिल्यांदा शेतावर झोपल्या, आणि पाखरं फार लवकर उठतात अशी तक्रार घेऊन परतल्या. दोघी भेटल्या की तलावाच्या गोष्टी निघायच्या आणि दरवेळी थोड्या वाढायच्या. मुकादमाला मिशा आल्या. फडक्याला काठ आला. माझं लग्न झालं, मी जबलपूरला गेले, पण माहेरी आले की आधी त्या गल्लीत जायची आणि नवीन काय झालं ते ऐकायची, म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी नवीन काय झालं ते.

आत्याबाई गेल्या त्या कांडी भरता भरता, एका दुपारी. मी तेव्हा बाळंतपणासाठी नागपुरातच होते. वाडीवर निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी म्हातारी आली. मुलाने तिला जवळजवळ उचलूनच आत आणलं. ती बायांमध्ये बसली, थोडं रडली, मग आपणहून बोलायला लागली. तलावाचं काम, खिचडीचा माणूस, चिंचोक्यांचा डाव. एक फडकं आणि दोघी जणी, एकदा ती घेई, एकदा मी घेई. सगळं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगितलं. आपण गिट्टी फोडत होतो हे ती केव्हाच विसरून गेली होती. कोणी तिला टोकलं नाही. रांगेत दुसऱ्यांदा उभं राहण्याचा प्रसंग आला तेव्हा कोपऱ्यात मैत्रिणीला हसू फुटलं, मग मला, आणि मग त्या सुतकाच्या घरात एकेक बाई पदर तोंडाला लावून हलायला लागली.

चहा झाला नव्हता, पण मुलाला अंधाराच्या आत बैल घरी न्यायचे होते. ती उठली, सगळ्यांना हात जोडले, आणि मैत्रिणीच्या आईला सांगून गेली की पुढच्या आठवड्यात तुरीच्या शेंगा पाठवते, पोरीबाळींना खाऊ घाला.